नकार देऊ शकणारे नाव : ऑब्जेक्ट-ओरिएंटेड सॉफ्टवेअरमधील सर्व्हिस क्लासच्या नामकरणाची चिकित्सा

बीजसंज्ञा : सर्व्हिस क्लास, नामकरण, जबाबदारी, व्यवहारभाषा, पेटक्लिनिक, फेरफार

प्रस्तावना

सॉफ्टवेअरच्या रचनेविषयीच्या लेखनात नामकरणाचा विषय बहुधा शिस्तीचा आणि नीटनेटकेपणाचा एक भाग म्हणून येतो. नाव अर्थपूर्ण असावे, संक्षेप टाळावेत, उच्चारता येईल असे असावे, एवढे सांगितले की तो विषय संपतो. एखाद्या चलाच्या किंवा छोट्या मेथडच्या बाबतीत इतके पुरतेही. परंतु व्यावसायिक आज्ञावलीत ज्यांना 'सर्व्हिस क्लास' म्हटले जाते, त्यांच्या बाबतीत हा उपदेश अपुरा पडतो. अशा क्लासमध्ये उद्या कोणते काम येऊन बसेल आणि कोणते येणार नाही, हे बऱ्याच अंशी त्याचे नाव ठरवीत असते. प्रस्तुत लेखात हा विचार दोन प्रसिद्ध नमुना-आज्ञावल्यांच्या आधारे तपासला असून, मराठीतून चालणाऱ्या एका व्यवहारक्षेत्राला तो कसा लागू पडतो हेही पाहिले आहे.

संगणकशास्त्राबाहेरील वाचकासाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. क्लास म्हणजे एकाच प्रकारच्या ऑब्जेक्टांचा आराखडा. 'खाते' हा क्लास मानला तर शिल्लक ही त्याच्याजवळची माहिती आणि रक्कम जमा करणे ही त्याची मेथड, म्हणजे त्याला करता येणारी क्रिया. माहिती आणि तिच्यावरील क्रिया एकत्र नांदाव्यात हे या पद्धतीचे मूळ सूत्र होय. मात्र काही कामे अशी असतात की ती कोणा एका वस्तूची म्हणता येत नाहीत. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात रक्कम वळती करणे हे काम पहिल्या खात्याचे की दुसऱ्याचे? अशा कामांसाठी जो स्वतंत्र क्लास लिहिला जातो, ज्याच्याजवळ स्वतःची अशी माहिती नसते पण कामे असतात, तो सर्व्हिस क्लास. खात्याला 'खाते' म्हणावे हे जगाने आधीच ठरवून दिलेले आहे. वळते करण्याच्या कामाला मात्र वस्तुजगात नाव नाही. ते प्रोग्रॅमरला ठेवावे लागते. नामकरणाची खरी अडचण येथूनच सुरू होते.

नामांचा शोध आणि क्रियेची अडचण

क्लास ही कल्पना नॉर्वेतील ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन निगार्ड यांच्या 'सिम्युला ६७' या भाषेतून पुढे आली. ही भाषा नावाप्रमाणेच प्रत्यक्ष जगातील व्यवस्थांची संगणकावर प्रतिकृती करण्याच्या गरजेतून घडली होती. प्रतिकृती करावयाची तर जगातील वस्तू हाच आरंभबिंदू असणार, हे ओघाने आले. पुढे १९८३ मध्ये रसेल अ‍ॅबट यांनी मांडलेल्या पद्धतीने या दृष्टीला अध्यापनयोग्य रूप दिले. समस्येचे वर्णन साध्या भाषेत लिहावे, त्यातील सामान्यनामांवरून माहितीचे प्रकार आणि क्रियापदांवरून क्रिया शोधाव्यात, असे ते सूत्र होते. अ‍ॅबट यांनी ते 'एडा' या भाषेच्या संदर्भात मांडले होते. पाठ्यपुस्तकांनी ते ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीच्या पहिल्या धड्यात नेऊन बसविले. नाम अधोरेखित करा, क्लास मिळेल. क्रियापद अधोरेखित करा, मेथड मिळेल, हा पाठ आजही वर्गावर्गांतून दिला जातो.

या पाठाची मर्यादा सर्व्हिस क्लासपाशी उघड होते. येथे क्रिया हीच मुख्य आहे आणि तिला क्लासचे, म्हणजे नामाचे, रूप द्यावयाचे आहे. यास्काच्या निरुक्तात नामे धातूंपासून निघतात किंवा नाही याविषयीचा मतभेद नोंदलेला आहे. शाकटायनाच्या मते सर्व नामे धातुजन्य आहेत. गार्ग्य मात्र सर्वच नामांविषयी तसे मानावयास तयार नाही. तो वाद व्युत्पत्तीचा होता, पण सर्व्हिस क्लास लिहिणारा प्रोग्रॅमर त्याच उंबरठ्यावर उभा असतो. क्रियेपासून नाम घडविण्याचे दोन मार्ग त्याच्यासमोर असतात. एक, क्रियेलाच भाववाचक नाम करणे : 'वळतीकरण', 'मार्गनिश्चिती'. दुसरा, क्रिया करणाऱ्याला नाव देणे : 'व्यवस्थापक', 'हाताळणारा'. तिसरी एक पळवाट आहे आणि प्रत्यक्षात सर्वाधिक वापर तिचाच होतो. ती म्हणजे ज्या वस्तूविषयी काम चालले आहे तिचेच नाव घेऊन त्याला 'सर्व्हिस' हा शब्द जोडणे. खाते असेल तर 'अकाउंटसर्व्हिस', ग्राहक असेल तर 'कस्टमरसर्व्हिस'. ही पळवाट किती महाग पडते हे पुढील उदाहरणावरून स्पष्ट होईल.

'क्लिनिक'चा प्रवास

जावा भाषेतील 'स्प्रिंग' या आज्ञावली-चौकटीबरोबर 'पेटक्लिनिक' नावाची एक नमुना-आज्ञावली दीर्घकाळ दिली जात आहे. पाळीव प्राण्यांचा दवाखाना, त्यातील पशुवैद्य, प्राण्यांचे मालक, प्राणी आणि त्यांच्या भेटी एवढाच तिचा संसार. चौकटीतील सोयी दाखविणे हा तिचा उद्देश असल्याने तिच्याकडून रचनेच्या परिपूर्णतेची अपेक्षा करणे काहीसे अन्यायाचे आहे, हे आधीच मान्य केले पाहिजे. परंतु नमुना म्हणून जे दिले जाते त्याचेच अनुकरण होते. शिकाऊ प्रोग्रॅमरने पहिल्यांदा पाहिलेली आज्ञावली त्याच्या पुढील कित्येक आज्ञावल्यांचा साचा ठरते. त्या दृष्टीने पेटक्लिनिकमधील एका नावाचा इतिहास उद्बोधक आहे.

आरंभीच्या आवृत्त्यांत 'क्लिनिक' नावाचा एक इंटरफेस होता. इंटरफेस म्हणजे कोणती कामे मिळतील याची यादी. ती कशी केली जातील हे तेथे सांगितलेले नसते. 'क्लिनिक'च्या यादीत पशुवैद्यांची नावे आणणे, आडनावावरून मालक शोधणे, प्राण्याची माहिती वाचणे, मालक, प्राणी व भेट साठविणे अशी मोजकी कामे होती. दवाखान्याचे नाव घेतलेल्या या इंटरफेसमध्ये दवाखान्याचे एकही काम नव्हते. तेथे कोणावर उपचार होत नव्हते की कोणाला वेळ दिली जात नव्हती. होते ते फक्त माहिती आणणे आणि साठविणे. विशेष म्हणजे हा मुळात माहितीसाठ्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग आहे, अशी प्रांजळ कबुली त्या इंटरफेसवरील टिपणातच दिलेली होती. म्हणजे नाव एक सांगत होते आणि टिपण दुसरे. तथापि त्या काळच्या रचनेत एक गोष्ट वाखाणण्याजोगी होती. 'क्लिनिक' प्रत्यक्षात आणणाऱ्या क्लासांची नावे 'हायबरनेटक्लिनिक', 'एंटिटीमॅनेजरक्लिनिक' अशी होती. ही कामे कोणत्या साधनाने केली आहेत, हा त्यांच्यातील नेमका भेद नावातूनच कळत होता.

२०१३ च्या सुमारास या आज्ञावलीची पुनर्रचना झाली. माहितीसाठ्याची कामे मालक, प्राणी, पशुवैद्य आणि भेट अशा चार 'रिपॉझिटरी'त विभागली गेली. हा बदल योग्यच होता, कारण त्या नावांनी आपले काम प्रामाणिकपणे सांगितले. 'क्लिनिक' मात्र गेला नाही. तो 'क्लिनिकसर्व्हिस' झाला आणि त्याला प्रत्यक्षात आणणारा एकमेव क्लास 'क्लिनिकसर्व्हिसइम्प्ल' झाला. 'हायबरनेटक्लिनिक'मधून जो भेद कळत होता, त्या जागी आता 'इम्प्ल' हा शब्दतुकडा आला. 'अंमलबजावणी' एवढाच त्याचा अर्थ. इंटरफेसची अंमलबजावणी होणार हे गृहीतच असते. त्यामुळे हा तुकडा वाचकाला नवे काहीही सांगत नाही. साधनभेद रिपॉझिटरींकडे गेला असल्याने येथे सांगण्यासारखा भेदच उरला नव्हता, असा बचाव करता येईल. मग एकाच अंमलबजावणीसाठी वेगळा इंटरफेस कशाला, हा प्रश्न तो बचाव उपस्थित करतो. नाव सुचत नाही तेव्हा पुष्कळदा वस्तूच अनावश्यक असते, ही शक्यता येथे विचारात घ्यावीशी वाटते.

याहून महत्त्वाची बाब म्हणजे या क्लासवरील टिपण. सर्व कंट्रोलरांसाठी एक दर्शनी दार आणि व्यवहाराची व कॅशची खूण ठेवण्याची जागा, असे त्याचे वर्णन तेथे आढळते. येथे व्यवहार म्हणजे माहितीसाठ्यातील बदलांचा असा गट की जो एक तर पूर्ण होतो किंवा मुळीच होत नाही. कॅश म्हणजे पुन्हापुन्हा लागणारी माहिती हाताशी ठेवणे. म्हणजे या क्लासची खरी दोन्ही कामे तांत्रिक आहेत. 'क्लिनिक' आणि 'सर्व्हिस' या दोन शब्दांपैकी एकातूनही त्यांपैकी एकही काम व्यक्त होत नाही. टिपण खरे बोलते आणि नाव बोलत नाही, ही स्थिती आधीच्या 'क्लिनिक'प्रमाणेच येथेही कायम राहिली. टिपण एका जागी लिहिलेले असते. नाव मात्र क्लास जेथे जेथे वापरला जातो तेथे तेथे वाचले जाते.

परिणाम काय झाला, हे या नमुन्याच्या 'रेस्ट' नावाने ओळखल्या जाणाऱ्या शाखेत स्पष्ट दिसते. तेथील 'क्लिनिकसर्व्हिस'मधील मेथडींची संख्या पंचविसाच्या पुढे गेली आहे. मालक आणणे, साठविणे, काढून टाकणे. प्राणी आणणे, साठविणे, काढून टाकणे. प्राण्यांचे प्रकार, पशुवैद्यांची विशेष क्षेत्रे, भेटी, सर्वांसाठी तीच साखळी. इतकेच नव्हे, 'पशुवैद्य शोधा' आणि 'सर्व पशुवैद्य शोधा' अशा जवळजवळ समानार्थी दोन मेथडी तेथे शेजारीशेजारी नांदतात. प्राण्यांच्या प्रकारांबाबतही तसेच घडले आहे. हे लिहिणाऱ्यांच्या निष्काळजीपणाचे फळ म्हणून सोडून देता येणार नाही. नवी मेथड लिहिताना ती येथे बसते का, असा प्रश्न प्रोग्रॅमर स्वतःला विचारतो आणि त्याचे उत्तर तो क्लासच्या नावात शोधतो. 'क्लिनिकसर्व्हिस' हे नाव प्रत्येक वेळी 'हो' म्हणते. दवाखान्याशी संबंध नसलेली गोष्ट दवाखान्याच्या आज्ञावलीत येणारच कोठून? ज्या नावाच्या आधारे एकही मेथड नाकारता येत नाही, ते नाव सीमा आखण्याचे काम करीत नाही. म्हणून सर्व्हिस क्लासच्या नावाची कसोटी 'हे नाव अर्थपूर्ण आहे का' अशी न ठेवता 'हे नाव कशाला नकार देते' अशी ठेवणे अधिक उपयुक्त ठरते.

पुढे, २०१६ नंतर, मुख्य पेटक्लिनिक 'स्प्रिंग बूट'वर आधारित झाले तेव्हा 'क्लिनिकसर्व्हिस' त्यातून वगळला गेला आणि कंट्रोलर थेट रिपॉझिटरींशी बोलू लागले. काही अडले नाही.

'सर्व्हिस' या शब्दाच्या या सैलपणाला चौकटीचाही हातभार लागला आहे. स्प्रिंगच्या २००७ मधील २.५ या आवृत्तीत क्लासवर 'सर्व्हिस' अशी खूण करण्याची सोय आली. त्या खुणेच्या अधिकृत टिपणात एरिक इव्हान्स यांच्या व्याख्येचा आधार दिलेला आहे; पण लगेच दर्शनी दारासारख्या क्लासलाही ती चालेल आणि प्रत्येक संघाने आपापल्या परीने तिचा अर्थ मर्यादित करावा, असेही सुचविले आहे. संघ तो अर्थ मर्यादित करीत नाहीत, हा सर्वसामान्य अनुभव आहे. शब्द चौकटीने दिला, अर्थ कोणीच दिला नाही.

मालवाहतुकीची भाषा

इव्हान्स यांचा 'डोमेन-ड्रिव्हन डिझाइन' हा ग्रंथ २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. जे काम कोणत्याही एका वस्तूचे स्वाभाविक काम होत नाही त्यालाच सर्व्हिस करावे, आणि तिचे नाव वस्तूवरून न ठेवता कृतीवरून, व्यवहारक्षेत्राच्या भाषेतून घ्यावे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. नावाच्या अखेरीस 'मॅनेजर' लावलेल्या, वस्तूचे सोंग घेतलेल्या क्रियाकर्त्यांविषयी त्यांनी तेथेच सावध केले आहे. ग्रंथातील मालवाहतुकीच्या उदाहरणावर आधारित एक नमुना-आज्ञावली पुढे त्यांच्या संस्थेने 'सायटेरस' या स्वीडिश संस्थेच्या सहकार्याने तयार केली. पेटक्लिनिकच्या शेजारी ठेवून ती वाचण्याजोगी आहे.

तिच्यात 'बुकिंगसर्व्हिस' आहे. नवा माल नोंदविणे, त्याच्यासाठी संभाव्य मार्ग मागविणे, निवडलेला मार्ग मालाला नेमून देणे आणि गंतव्यस्थान बदलणे ही तिची मुख्य कामे. मालवाहतूक कंपनीच्या आरक्षण कक्षातील कर्मचाऱ्याला ही यादी दाखविली तर हे आपलेच काम आहे असे तो सांगेल. बंदरात माल उतरल्याची नोंद या क्लासमध्ये कोणी घालू लागला, तर 'बुकिंग' हा शब्दच त्याला अडवील. त्या कामासाठी 'हँडलिंगइव्हेंटसर्व्हिस' वेगळी आहे. मार्ग शोधून देणारी 'राउटिंगसर्व्हिस' आणखी निराळी आहे आणि ती प्रत्यक्षात आणणाऱ्या क्लासचे नाव 'एक्स्टर्नलराउटिंगसर्व्हिस' असे आहे. मार्ग बाहेरच्या यंत्रणेकडून येतो ही महत्त्वाची बाब त्या एका विशेषणाने सांगितली जाते.

येथे आणखी एक लाभ दिसतो, जो वरवर पाहता नामकरणाचा वाटत नाही. 'बुकिंगसर्व्हिस'मधील मार्ग नेमून देण्याची मेथड अगदी लहान आहे. ती माल शोधते, त्या मालालाच मार्ग स्वीकारावयास सांगते आणि साठविते. मार्ग बदलल्यावर मालाच्या स्थितीचा हिशेब कसा बदलतो हा नियम 'कार्गो' या क्लासमध्ये, म्हणजे मालाजवळच राहिला आहे. मार्टिन फाउलर यांनी २००३ मध्ये ज्या दोषाला 'रक्तक्षीण' प्रतिमानाचे नाव दिले, म्हणजे वस्तूंजवळ केवळ माहिती उरते आणि सारे नियम सर्व्हिस क्लास गिळून टाकतात, तो दोष येथे टळला आहे. याच्या अनेक कारणांत नावाचाही वाटा आहे. 'कार्गो' आणि 'कार्गोसर्व्हिस' असे दोन क्लास शेजारी असते तर मालाविषयीच्या प्रत्येक नियमावर दोघांचा सारखाच हक्क राहिला असता, आणि अशा वादात सहसा सर्व्हिसच जिंकते, कारण तेथे इतर सर्व साधने हाताशी असतात. 'बुकिंग' हे नाव मालाशी स्पर्धाच करीत नाही.

या नमुन्यालाही डाग आहेत. 'इम्प्ल' हा तुकडा येथेही 'बुकिंगसर्व्हिस'च्या अंमलबजावणीला चिकटलेला आहे. 'हँडलिंगइव्हेंटसर्व्हिस' हे नावही पूर्ण समाधानकारक म्हणता येत नाही. तिचे काम हाताळणीची घटना नोंदविणे हे एकच आहे. नाव मात्र घटनेचे आहे, नोंदणीचे नाही. उद्या घटना शोधणे किंवा जुन्या घटनांचा अहवाल काढणे ही कामे तेथे आली तर नाव त्यांना अडविणार नाही. नोंदणीवरून नाव घेतले असते तर ते अधिक कणखर झाले असते. 'सर्व्हिस' हे शेपूट लावणे आवश्यक आहे का, हा प्रश्न मात्र गौण वाटतो. नावापुढे 'श्री' लावण्याने जेवढे कळते तेवढेच त्याने कळते, आणि तेवढीच हानी होते.

प्रत्ययावरील बंदीची मर्यादा

सर्व्हिस क्लासच्या नामकरणाविषयी सर्वाधिक प्रसृत असलेला नियम म्हणजे इंग्रजीतील 'अर' या कर्तृवाचक प्रत्ययाने संपणाऱ्या नावांवरील संशय. पीटर कोड यांनी १९९० च्या दशकात तो मांडला. आर्थर रिएल यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात 'ड्रायव्हर', 'मॅनेजर', 'सिस्टिम' हे शब्द असलेल्या क्लासांकडे संशयाने पाहावे असे सुचविले. जावाच्या माहितीसाठा-जोडणीत १९९७ पासून असलेल्या 'ड्रायव्हरमॅनेजर' या क्लासच्या नावात यांपैकी दोन शब्द एकत्र आले आहेत हा योगायोग गमतीचा आहे, जरी तेथे 'ड्रायव्हर'चा अर्थ वेगळा असला तरी. रॉबर्ट मार्टिन यांनी २००८ मध्ये 'मॅनेजर', 'प्रोसेसर', 'डेटा' हे शब्द टाळण्याचा सल्ला दिला. पुढे हा नियम इतका कडक झाला की कर्तृवाचक नाव म्हणजेच दोष, असे मानणारे मत तयार झाले.

या नियमातील निरीक्षण खरे आहे, परंतु निदान चुकले आहे. जावातील 'कंपॅरेटर' घ्या. दोन वस्तूंतील क्रम ठरविणे हे त्याचे काम. दुसरे कोणतेही काम त्यात घालू म्हटले तरी घालता येत नाही, इतके ते नाव घट्ट आहे. नाव कर्तृवाचक असूनही निर्दोष आहे. उलट १९९७ पासून जावात असलेला 'डेटफॉर्मॅट' हा क्लास प्रत्ययाच्या परीक्षेत उत्तीर्ण होतो, कारण 'फॉर्मॅट' हे वस्तुवाचक नाम आहे. पण त्या नावावरून जी स्थिर वस्तू डोळ्यांसमोर येते तशी ती नाही. तिच्या आत बदलती स्थिती असते आणि तोच ऑब्जेक्ट एकाच वेळी अनेक थ्रेडांनी वापरला तर चुकीच्या तारखा मिळू शकतात. २०१४ मध्ये जावाच्या आठव्या आवृत्तीत त्याला पर्याय म्हणून 'डेटटाइमफॉर्मॅटर' आला. त्याची अंतर्गत स्थिती बदलत नाही, आणि नावाला तो निषिद्ध प्रत्यय आहे. बंदीचा नियम काटेकोर पाळला असता तर दोहोंपैकी सदोष क्लास निवडावा लागला असता.

तेव्हा दोष प्रत्ययात नसून प्रत्ययाआधीच्या क्रियापदात आहे. तुलना करणे ही क्रिया संपते. व्यवस्था पाहणे, प्रक्रिया करणे, हाताळणे, मदत करणे या क्रिया संपत नाहीत. त्यांच्या कर्माची मर्यादा ठरलेली नसते. मराठीत हे अधिक सहज जाणवते. 'लेखनिक' म्हटले की काम कळते. 'व्यवस्थापक' म्हटले की कशाचा, असा प्रश्न उरतो. आणि 'मदतनीस' म्हटले की त्याच्याकडे काहीही सोपविता येते. कार्यालयात मदतनिसाच्या टेबलावर जे साचते तेच आज्ञावलीत 'हेल्पर' नावाच्या क्लासमध्ये साचते.

सारीच सर्व्हिस नावे ही जावासारख्या भाषांच्या उणिवेतून जन्मली, असाही एक आक्षेप आहे. स्टीव्ह येगी यांनी २००६ मध्ये जावाची थट्टा करताना तिला नामांचे राज्य म्हटले, जेथे क्रियापदाला नामाच्या आश्रयाखेरीज बाहेर पडता येत नाही. २०१४ पासून जावात लहान क्रिया स्वतंत्रपणे देता-घेता येतात, हे खरे. त्यामुळे एकमेथडी क्लास काही प्रमाणात अनावश्यक झाले. परंतु चार-पाच संबंधित कृती एका छत्राखाली आणण्याची गरज संपलेली नाही, आणि छत्राला नाव लागतेच.

एकसारखेपणाची बाजू मात्र न्याय्यपणे मांडली पाहिजे. प्रत्येक वस्तूला तिच्या नावाची सर्व्हिस दिली तर नव्याने रुजू झालेल्या प्रोग्रॅमरला क्लास चटकन सापडतो. ज्या संघात माणसे सतत बदलतात तेथे हा लाभ लहान नाही. पण सापडणे आणि समजणे यांत अंतर आहे. फाइल सापडल्यावर तीतील चाळीस मेथडींपैकी कोणती कोणत्या कामाची, हे शोधण्यात वाचविलेला वेळ परत जातो.

फेरफार आणि व्यवहारभाषेचा प्रश्न

इव्हान्स यांचा दुसरा आग्रह असा की व्यवहारक्षेत्रातील जाणकार आणि प्रोग्रॅमर यांनी एकच भाषा वापरावी आणि तीच आज्ञावलीत उतरावी. या आग्रहाचा मराठी प्रदेशात एक वेगळाच अर्थ होतो, कारण येथे जाणकाराची भाषा मराठी आणि आज्ञावलीची भाषा इंग्रजी असते. जमीन महसुलाचे क्षेत्र याचे ठळक उदाहरण ठरावे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे जमिनीवरील हक्कात बदल झाल्याची वर्दी मिळाली की गावपातळीवर पिढ्यान्‌पिढ्या तलाठी म्हणून ओळखला गेलेला कर्मचारी ती गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंदवितो. चावडीवर नोटीस लागते, हितसंबंधितांना कळविले जाते. हरकत आली तर ती गाव नमुना सहा-अ या विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते आणि तिचा निर्णय होतो. त्यानंतर नोंद प्रमाणित केली जाते. हे काम सामान्यतः मंडळ अधिकाऱ्याचे. प्रमाणित झालेल्या नोंदीचा अंमल सातबाऱ्यावर येतो. नोंदविणारा आणि प्रमाणित करणारा हे दोन वेगळे अधिकारी असणे हा या व्यवस्थेचा कणा आहे.

फेरफाराला इंग्रजी महसुली परिभाषेत 'म्युटेशन' म्हणतात. एखाद्या आज्ञावलीत या कामासाठी 'म्युटेशनसर्व्हिस' नावाचा क्लास लिहिला गेला, तर महसूल खात्याशी परिचय नसलेला प्रोग्रॅमर तो शब्द आपल्या व्यवसायाच्या अर्थाने वाचील, कारण संगणकाच्या परिभाषेत 'म्युटेशन' म्हणजे ऑब्जेक्टच्या स्थितीत केलेला कोणताही बदल. म्हणजे इंग्रजीत अचूक असलेला शब्द आज्ञावलीत दिशाभूल करतो. त्याऐवजी, रोमन लिपीत का होईना, 'फेरफार' हाच शब्द ठेवला तर तो दुसरा अर्थ घेऊच शकत नाही, आणि महसूल कर्मचाऱ्याशी बोलताना भाषांतराची पायरी लागत नाही. जावाने आरंभापासून आणि पायथॉनने २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून देवनागरी नावांनाही मुभा दिलेली आहे. कळफलक आणि बहुभाषिक संघ यांच्या अडचणी पाहता तिचा आग्रह धरणे व्यवहार्य दिसत नाही. शब्द मराठी ठेवण्यास मात्र कोणतीच तांत्रिक अडचण नाही.

परंतु शब्द मराठी झाल्याने प्रश्न सुटत नाही. 'फेरफारसर्व्हिस' हे नाव 'क्लिनिकसर्व्हिस'च्याच जातीचे आहे. नोंदविणे, नोटीस काढणे, हरकत घेणे, प्रमाणित करणे, सातबाऱ्यावर अंमल देणे, सारेच फेरफाराशी संबंधित असल्याने हे नाव कोणालाच अडविणार नाही. एकाच क्लासमध्ये नोंदविणे आणि प्रमाणित करणे शेजारी बसले की पहिल्या मेथडच्या अखेरीस दुसरीला हाक मारणे हा एका ओळीचा बदल ठरतो. हरकतीची मुदत संपण्यापूर्वी प्रमाणन होऊ नये हा नियम अशा वेळी प्रोग्रॅमरच्या स्मरणावर अवलंबून राहतो. येथे प्रश्न कोणाच्या तरी जमिनीचा असतो. नोटीस वाचून हरकत घ्यावयास निघालेल्या बहिणीचे नाव वारसांत येण्याआधीच नोंद प्रमाणित झाली, तर तो दोष पुढे अपिलात निस्तरावा लागतो.

'फेरफारनोंदणी', 'हरकतसुनावणी' आणि 'फेरफारप्रमाणन' असे तीन क्लास केले, तर कायद्याने केलेली विभागणी नावांत उतरते. 'फेरफारप्रमाणन' नवी नोंद स्वीकारणार नाही. 'फेरफारनोंदणी' सातबाऱ्याला हात लावणार नाही. परवानगीची तपासणी प्रत्येक क्लासच्या दाराशी एकदाच ठेवता येते, कारण प्रत्येक दारातून जाणारा अधिकारी एकच असतो. या नावांपैकी 'हरकतसुनावणी' काहीसे डळमळीत आहे. हरकत दाखल करून घेणे आणि तिच्यावर निर्णय देणे ही कामे वेगळ्या व्यक्तींची असल्याने तेथे आणखी एक फोड करावी लागेल. गाव नमुना सहा-अ मध्ये नोंद कोण करतो आणि निर्णयाचा शेरा कोणाच्या सहीने पडतो, हे तलाठ्याला विचारूनच ती फोड कोठे करावयाची हे ठरविता येईल.